हार कोणाची, निषेध कोणाचा?

क्लब सारखा हरतो आहे. अशा वेळी त्याच्या पाठीराख्यांनी निषेध करावा, की मुकाट टाळ्या वाजवत बसावं?

प्रश्न फुटबॉलचा आहे. आपल्या अंकात तो कशाला, असं काहीजण म्हणतील. पाण्याचा प्रश्न आहे, स्मशानाच्या जागेचा आहे, भरतीचा आहे, आणि हा गडी गोऱ्यांच्या बॉलमागे धावतो आहे. म्हणू द्या. मला हा प्रश्न आपला वाटतो. ज्याला आपण आपलं म्हणतो, ज्यावर जीव लावतो, त्याचा मालक भलताच असतो, तेव्हा काय करायचं? निष्ठा कुठं संपते आणि गुलामी कुठं सुरू होते? आणि निषेध करणारी गर्दी 'आम्ही आम्ही' म्हणते, त्या 'आम्ही'त कोण कोण असतं? हे प्रश्न आपल्या बापजाद्यांनी अंगावर घेतलेले आहेत. तेव्हा ह्यात बोलायचा आपल्याला हक्क आहे. वाचता वाचता आपल्या घरातल्या काही गोष्टी आठवल्या तर त्या मुद्दाम दाबू नका.

हवेत बोलण्यापेक्षा एक क्लब समोर ठेवू. ब्लॅकबर्न रोव्हर्स. इंग्लंडात लँकेशायर नावाचा मुलूख आहे, त्यातलं ब्लॅकबर्न हे कापडाचं गाव. स्पिनिंग जेनी काढणारा हरग्रीव्ह्ज ह्याच भागातला विणकर. आपल्या मुंबईच्या जुन्या गिरण्यांतली यंत्रंसुद्धा लँकेशायरमधूनच बोटीनं आली. म्हणजे ते गाव आपल्याला तसं परकं नाही. तिथला कामगार आणि इथला कामगार एकाच जातीच्या यंत्रापुढे उभा राहिला. यंत्राची जात एक होती, माणसांची नव्हती. त्यावर पुढे येतोच.

फुटबॉल तिथल्या कामगाराचा झाला तो सुट्टीमुळे. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं कापडगिरण्यांतल्या बायकांचं आणि पोरांचं काम शनिवारी दुपारी २ वाजता थांबवायचं ठरलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालेना, म्हणून पुरुषही सुटू लागले. दुपारी सुटलेली माणसं मैदानाकडे वळली. इंग्लंडात शनिवारी दुपारी ३ ला मॅच सुरू होण्याची रीत पडली ती ह्यामुळे. आपल्याकडे गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० पासून. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे ह्या सत्यशोधकाचा लढा होता. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा वर्षं झगडले. सुट्टी कुणी खिरापत म्हणून वाटलेली नाही. मग त्या सुट्टीत जे जे उभं राहिलं, जलसा असो, तालीम असो, फुटबॉल असो, त्यात कामगाराचं भांडवल आहे. त्यानं पैसा घातला नसेल, पण आयुष्यातला मोकळा वेळ घातला. त्याच्याकडे तेवढाच होता.

ब्लॅकबर्नमध्ये सुरुवातीला रोव्हर्सशिवाय आणखीही क्लब होते. त्यातला एक ब्लॅकबर्न ऑलिंपिक. १८८३ साली त्यानं लंडनला जाऊन एफ. ए. कपची फायनल जिंकली. समोर होते ओल्ड एटोनियन्स, म्हणजे ईटन ह्या साहेबलोकांच्या शाळेचे माजी विद्यार्थी. ऑलिंपिकच्या संघात विणकर होते, सूत कातणारा होता, लोखंडाच्या भट्टीवरचा कामगार होता. निकाल २ विरुद्ध १. त्या दिवशी खेळ साहेबाच्या हातून निसटला तो पुन्हा पूर्वीसारखा त्याच्या हाती गेला नाही. पण पुढचंही सांगायला हवं. ऑलिंपिकच्या पाठीशी एका लोखंड-कारखानदाराचा पैसा होता. तो पुरेनासा झाला आणि १८८९ साली क्लब मोडला. गावात टिकला तो जास्त पैसेवाला रोव्हर्स. म्हणजे कामगाराचा घाम आणि मालकाची थैली ही जोडी पहिल्या दिवसापासूनची आहे. पूर्वी सगळं लोकांचं होतं आणि आता धनदांडग्यांनी बळकावलं, अशी सोपी गोष्ट सांगायची सोय नाही.

रोव्हर्स १८७५ चा. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा १२ क्लब होते, त्यातला हा एक. जॅक वॉकर नावाच्या गावातल्याच पोलादवाल्यानं १९९१ साली तो ताब्यात घेतला, पैसा ओतला, आणि १९९५ साली रोव्हर्स इंग्लंडचा चॅंपियन झाला. वॉकर २००० साली गेला. त्याच्यामागे क्लब त्याच्या ट्रस्टकडे राहिला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये तो विकला गेला. घेणारे कोण? आपल्या पुण्याचे. व्यंकटेश्वरा हॅचरीज, व्यंकीजवाले, कोंबड्यांच्या धंद्यातली मोठी कंपनी.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. महिन्याभरात जुना मॅनेजर सॅम अलारडाइस ह्याला काढलं. स्टीव्ह कीन ह्याला बसवलं. संघ हरू लागला. 'कीन आऊट' चे फलक निघाले, मोर्चे निघाले. ऑक्टोबर २०११ मध्ये, लीग ऐन भरात असताना, संघाला विमानानं पुण्याला नेऊन मित्रत्वाची मॅच खेळवली. खेळाडूंना घेऊन कोंबडीची जाहिरात काढली. ७ मे २०१२ ला स्वतःच्या मैदानावर विगनकडून १-० असा हरून रोव्हर्स वरच्या लीगमधून खाली गेला. त्या दिवशी पाठीराख्यांनी क्लबचा झेंडा पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. २०१७ साली क्लब आणखी एक पायरी खाली गेला आणि २०१८ साली ती पायरी पुन्हा चढला. दरम्यान मैदानावर येणारी माणसं २०१० च्या निम्म्यावर आली होती.

आता पाठीराख्यांच्या विरोधात जे बोललं जातं ते नीट ऐकून घेऊ. तीन मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा, खेळ म्हटला की कोणीतरी हरणारच. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये २० क्लब, दरसाल ३ खाली जाणार. कुणी ना कुणी तळाला असणारच. मग हरण्याचा निषेध म्हणजे गणिताचा निषेध. हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. हरणं हा अन्याय नाही. तिकीट काढलं म्हणून विजय विकत मिळत नाही. आपल्याला तर हे शिकवायला नको. बाबासाहेब १९५२ साली उत्तर मुंबईत हरले, १९५४ साली भंडाऱ्यात हरले. म्हणून काय लोक त्यांना सोडून गेले? दोनच वर्षांनी नागपुरात लाखोंनी उभे राहिले. हरणाऱ्याच्या मागे उभं राहण्यात जी माणुसकी आहे ती जिंकणाऱ्याच्या मागे धावण्यात नाही. जिंकणाऱ्यामागे कुत्रंही धावतं.

दुसरा मुद्दा निष्ठेचा. क्लब म्हणजे घर. पडत्या काळात जो बोंब मारतो तो खरा पाठीराखा नव्हे. इथं मात्र माझे कान उभे राहतात. कारण हे शब्द आपण फार ऐकलेत. गावगाड्यात येसकरानं रात्रभर वेस राखायची, निरोप पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं आणि दारोदार भाकरी मागायची. वर गाव म्हणायचं, हा तुझा मान, हे तुझं वतन, खाल्ल्या भाकरीला जाग. महार वतनावर बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात बिल आणलं तेव्हा विरोध बाहेरच्यांनी केलाच, पण वतनाला चिकटलेल्या आपल्यातल्याही काहींना भाकरी जाईल अशी भीती वाटली. शेवटी ती वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. तुलनेत प्रमाण सोडायचं नाही. पाठीराखा मॅच सोडून घरी जाऊ शकतो. येसकराचं घरच वेशीबाहेर होतं. पण निष्ठेची भाषा दोन्हीकडे एकच काम करते. जो सोसतो त्यालाच ती गप्प बसवते. जो ठरवतो त्याला ती कधी लागू होत नाही. क्लब विकणाऱ्यानं विकला, घेणाऱ्यानं घेतला, तेव्हा निष्ठा कुणाला विचारली? मग ती फक्त स्टँडमध्ये उभ्या असलेल्या माणसाकडूनच का मागायची?

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो सगळ्यात जड आहे. मालक म्हणतो, मी पैसे घालतो. ते खोटं नाही. पुण्याच्या ह्या घराण्यानं रोव्हर्समध्ये शंभर मिलियन पौंडांहून जास्त ओतले आहेत. क्लब तोट्यात चालतो आणि तोटा मालक भरतो. मग वर शिव्या कशाला? पण गिरणीचा मालकही हेच म्हणायचा. मी गिरणी काढली, मी पगार देतो, नाही पटत तर चालते व्हा. पैसा घालण्यानं मालकी मिळते हे कायद्यानं खरं. पैसा घातला की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, हे मात्र कुठल्याच न्यायानं खरं नाही. क्लबमधलं सव्वाशे-दीडशे वर्षांचं नाव, रंग, गाणी, बापानं पोराला खांद्यावर घेऊन दाखवलेलं मैदान, हे मालकाच्या चेकनं तयार झालेलं नाही. त्याच्याशिवाय त्या चेकलाही किंमत नाही. कोंबडीच्या जाहिरातीला रोव्हर्सचे खेळाडू हवे होते. का? त्या निळ्या-पांढऱ्या शर्टाला किंमत होती म्हणून. ती किंमत कुणी निर्माण केली?

तेव्हा निषेधाचा हक्क आहे. पण हक्क आहे म्हणजे कुणावरही दगड उचलायचा असं नाही. निषेध कुणाचा करायचा इथंच बहुतेक गर्दी चुकते.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे, म्हणून तिथलंच उदाहरण देतो. धागा सारखा तुटतो. कापूस आखूड धाग्याचा आलेला असतो, खात्यात पुरेसा दमटपणा नसतो, रिंगा झिजलेल्या असतात, ट्रॅव्हलर वेळेवर बदललेले नसतात. ह्यातलं एकही साइडरच्या हातात नसतं. त्याच्या हातात फक्त तुटलेला धागा जोडणं असतं. तरी उत्पादन घटलं की पहिला मेमो कुणाला? साइडरला. कारण तो समोर दिसतो. कापूस विकत घेणारा दिसत नाही.

मैदानावर तेच होतं. पास चुकवणारा पोरगा समोर दिसतो. त्याला आईबहिणीवरून शिव्या. कुणी म्हणेल, तो कसला कामगार, आठवड्याला हजारो पौंड उचलतो. उचलतो, हे खरं. पण हे फार जुनं नाही. १९६१ पर्यंत इंग्लंडात फुटबॉलपटूच्या पगारावर आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती, आणि ती गेली ती खेळाडूंच्या संघटनेनं संपाची धमकी दिल्यावर. आज वरच्या थरातले मालामाल आहेत, खालच्या थरातल्यांची नोकरी एका दुखापतीत संपते. शिवाय पगार मोठा असला म्हणून दोष त्याचा होत नाही. जीव तोडून खेळून हरणाऱ्या माणसाला शिवी देणं ही मर्दुमकी नव्हे.

आणि मॅनेजर? तो मुकादम. ब्लॅकबर्नमध्ये सगळा राग आधी कीनवर निघाला. त्या माणसाला उठता बसता शिव्या खाव्या लागल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये तो गेला. मग काय झालं? हेनिंग बर्ग आला, ५७ दिवसांत गेला. मायकेल ॲपल्टन आला, ६७ दिवसांत गेला. मुकादम बदलत राहिले, गिरणी तीच. हे पाठीराख्यांच्याही हळूहळू ध्यानात आलं आणि बोट मुकादमाकडून मालकाकडे वळलं. तेव्हा कुठं निषेधाला अर्थ आला. पण मालक हजारो मैलांवर पुण्यात. स्टँडमधली बोंब तिथं ऐकू जात नाही. त्यांना परदेशातला मालक नको वाटतो तो ह्यासाठीही. मला विचाराल तर गावातला मालक जवळ होता म्हणून उत्तर देत होता असंही नाही. १८७८ साली ह्याच ब्लॅकबर्नमध्ये विणकरांच्या मजुरीत १० टक्के कपात झाली, संप पेटला आणि चिडलेल्या जमावानं मालकांच्या संघटनेच्या अध्यक्षाचं घर जाळलं. तो मालक गावचाच होता, गोराच होता.

ह्यावरून मी एक कसोटी काढली आहे. पाठीराख्यानं स्वतःला विचारावं: क्लब जिंकत असता तर हाच निषेध मी केला असता काय? उत्तर 'नाही' असेल तर तो निषेध नव्हे. ती गिऱ्हाइकाची कुरकुर आहे. माल खराब निघाला म्हणून दुकानदाराशी केलेलं भांडण. करावं, पण त्याला लढा म्हणू नये.

ह्या कसोटीला ब्लॅकबर्नचे लोक पूर्ण उतरत नाहीत, हे मी स्पष्ट सांगतो. १९९५ साली एका माणसाच्या थैलीवर चॅंपियन होताना कुणी विचारलं नाही की बाबा, उद्या तू गेल्यावर हा क्लब कुणाचा? हा कागद कुणाच्या नावावर? विजयाच्या दारूत तो प्रश्न बुडाला. १५ वर्षांनी तो कागद विकला गेला तेव्हा त्यांच्या हातात एक मतही नव्हतं. निषेधाची वेळ हरायला लागल्यावर येत नाही. ती जिंकत असतानाच आलेली असते. त्यांचं श्रेय एवढंच की पुढं ते थोडे पलीकडे गेले. १७ सप्टेंबर २०११ ला मॅचआधी कीनविरुद्ध मोर्चा काढला आणि त्याच दिवशी रोव्हर्सनं आर्सेनलला ४-३ असं हरवलं. एका विजयानं फलक खाली आले नाहीत.

कसोटीला पुरे उतरले ते शेजारच्या ब्लॅकपूलचे लोक. समुद्रकाठचं गाव, लँकेशायरचे गिरणी कामगार वार्षिक सुट्टीला जायचे ते. तिथल्या क्लबच्या मालकानं, ऑयस्टन घराण्यानं, क्लबमधून पैसा आपल्या दुसऱ्या धंद्यांकडे वळवला. २०१७ साली हायकोर्टानं ते बेकायदा ठरवलं आणि भागीदाराला ३१ मिलियन पौंड द्यायला सांगितलं. पाठीराख्यांनी तर त्याआधीच ठरवलं होतं की ह्या मालकाला एक पैसाही द्यायचा नाही. त्याच २०१७ साली ब्लॅकपूल वरच्या वर्गात जाण्याची फायनल वेम्बलीला खेळला आणि जिंकला. वेम्बली म्हणजे तिथल्या माणसाचं आयुष्याचं स्वप्न. तरी ह्यांच्यातले बहुतेक लोक गेले नाहीत. आपला संघ जिंकत असताना बाहेर उभं राहणं किती अवघड असेल, विचार करा. फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टानं रिसीव्हर नेमला, ऑयस्टन गेले, आणि मार्चमध्ये लोक पुन्हा मैदान भरून आत आले. हा निषेध हरण्याविरुद्ध नव्हताच. क्लबला लुटण्याविरुद्ध होता.

आपल्या इतिहासात ह्याचा दाखला आहे. पळवणकर बाळू. त्यांच्या बॉलिंगवर हिंदू जिमखान्याच्या संघानं १९०६ साली युरोपियनांना हरवलं. संघ जिंकत होता. पण बाळू चांभाराच्या घरातले, म्हणून कर्णधारपद द्यायचं नाही. १९२० साली त्यांच्या विठ्ठल आणि शिवराम ह्या भावांनी ह्याच कारणासाठी संघातून अंग काढून घेतलं. विठ्ठलना कर्णधारपद मिळालं ते १९२३ साली. जिंकणाऱ्या संघात राहून 'आम्ही खेळत नाही' म्हणायला छाती लागते. हरणाऱ्या संघावर ओरडायला घसा पुरतो.

आता 'आम्ही'चा प्रश्न. 'हा आमचा क्लब आहे' असं ब्लॅकबर्नची गर्दी म्हणते. आमचा म्हणजे कुणाचा? दुसऱ्या महायुद्धानंतर लँकेशायरच्या गिरण्यांना रात्रपाळीला माणसं मिळेनात, तेव्हा भारत-पाकिस्तानातून माणसं गेली. गुजरातचे, पंजाबचे, बहुतेक मुसलमान. आज ब्लॅकबर्नमध्ये त्यांची वस्ती फार मोठी आहे. पण वर्षानुवर्षं रोव्हर्सच्या स्टँडमध्ये त्यांचे चेहरे कमी. ज्यांनी त्या गिरण्या शेवटपर्यंत ओढल्या ते 'आमचा क्लब' मध्ये कधी आले? आणि मालक हिंदुस्थानी निघाल्यावर ज्याच्या तोंडून मालकाच्या कारभाराऐवजी त्याच्या कातडीला शिवी निघते, तो निषेध करत नाही. तो आपल्या शेजाऱ्याला धमकावतो.

हे 'आम्ही'चं दुखणं आपल्याला ठाऊक आहे. धोट्याच्या डोळ्यातून धागा तोंडानं ओढायची रीत लँकेशायरमध्ये होती, ती साच्यांबरोबर मुंबईत आली. तिकडे त्यावर बोंब झाली ती रोग पसरतो म्हणून. इकडे काय झालं? अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, म्हणून आपल्या माणसांना साचेखात्यात घ्यायचंच नाही. जास्त पगाराचं खातं बंद. मालकापेक्षा सोबतचा कामगारच आडवा आला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं की तुमच्या मागण्यांत ही मागणी आहे काय? नसेल तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का उपाशी मरावं? तेव्हा कुठं नाइलाजानं ती मागणी आली. म्हणून कुठल्याही निषेधात शिरताना मी आधी ते विचारतो. ह्या 'आम्ही'त धोटा कुणाकुणाच्या तोंडाला लागतो?

'आम्ही' अरुंद झालं की निषेध मालकाला सोडून शेजाऱ्यावर पडतो. १६ ऑगस्ट १९८० ला कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या पाठीराख्यांत मारामारी पेटली, चेंगराचेंगरीत १६ माणसं मेली. आपल्या कोल्हापुरात तर क्लब खरोखर लोकांचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, एकेक पेठेची तालीम. तिथं मालकही नाही ज्याच्यावर रागवावं. तरी हरलं की शाहू स्टेडियमवर बाटल्या उडतात त्या समोरच्या पेठेवर. समोरच्या पेठेतही आपल्यासारखाच रिक्षावाला, हमाल, फाउंड्री कामगार बसलेला असतो.

निषेध करायचा तर कसा? ओरडणं पहिली पायरी. तिकीट न काढणं दुसरी. ती मालकाला समजते. पण तिला धार दोन्हीकडून आहे. लँकेशायरमधलाच बरी नावाचा क्लब, १८८५ चा. मालकाला पैसा उभा करता आला नाही आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगनं क्लबला बाहेर काढलं. लोक शेवटच्या दिवसापर्यंत मैदान झाडायला, खुर्च्या पुसायला येत होते. मालकाला तोडता तोडता क्लबच तुटू शकतो, हे आपल्याला १९८२ च्या संपानंतर कुणी सांगायला नको. अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. आज गिरण्यांच्या जागी काय उभं आहे ते बघून या. म्हणून संप चूक होता असं मी म्हणत नाही. गिरणीच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्यांना संपाचं निमित्त मिळालं. पण निषेध करणाऱ्यानं किंमत मोजून ठेवावी, आणि ती कोण भरणार तेही.

तिसरी पायरी बाहेर पडण्याची. इंग्लंडात म्हणतात, बायको बदलता येते, क्लब बदलता येत नाही. जन्मानं मिळालेलं बदलता येत नाही, हे आपल्याला सांगू नये. आपण १९५६ साली धर्म बदलला आहे. २००२ साली विम्बल्डनचा क्लब मालकांनी उचलून दुसऱ्या शहरात न्यायचं ठरवलं तेव्हा तिथल्या लोकांनी स्वतःचा नवा क्लब काढला. २००५ साली मँचेस्टर युनायटेड अमेरिकन धनिकानं कर्ज काढून घेतला आणि त्याच क्लबवर ते कर्ज लादलं, तेव्हा काही हजार लोकांनी एफ. सी. युनायटेड काढला. सभासदाला एक मत, पैसा कितीही असो. तळाच्या लीगपासून सुरुवात. तिथं हरले तर हार त्यांची स्वतःची असते. ती सोसायला जड जात नाही.

आता शेवटचं. ऑगस्ट २०२४. कलकत्त्यात आर. जी. कर हॉस्पिटलात डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिला मारलं. मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅच बंदोबस्ताचं कारण सांगून रद्द केली. १८ ऑगस्टला दोन्ही क्लबचे लोक, मोहमेडन स्पोर्टिंगचेही, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. १९८० साली एकमेकांच्या जिवावर उठलेल्या गर्दीचीच ही पुढची पिढी, एकमेकांच्या खांद्यावर बसून घोषणा देत होती. त्याच मोसमात ईस्ट बंगाल लीगमधल्या पहिल्या ६ मॅच ओळीनं हरला. मला त्या हरणाऱ्या क्लबच्या पाठीराख्यांचा अभिमान वाटतो.

आणि आपला क्लब? निळा झेंडा तर आपलाही आहे. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली निघाला आणि लगेच फुटत गेला. १९७२ साली पँथर उठली ती त्या पुढाऱ्यांच्या विरुद्ध पाठीराख्यांच्या पोरांनी केलेला निषेधच होता. पुढं पँथरही फुटली. १९९८ साली गट एकत्र आले, खुल्या जागांवरून ४ खासदार निवडून आले, आणि पुन्हा फुटले. आपण हरतो ह्याचं मला दुःख नाही. बाबासाहेबही हरले होते. पण झेंड्याचा कागद कुणी परस्पर विकतो आहे, एका सीटसाठी, एका महामंडळासाठी, आणि आपण निष्ठा म्हणून टाळ्या वाजवतो आहोत. समोरच्या गटातल्या आपल्याच पोरावर बाटली फेकतो आहोत.

म्हणून माझं उत्तर असं. क्लब हरला म्हणून निषेध करू नये. क्लब विकला म्हणून करावा, लुटला म्हणून करावा, ज्यांनी उभा केला त्यांना विचारलं नाही म्हणून करावा. पास चुकवणाऱ्या पोराचा करू नये, कागद ज्याच्या खिशात आहे त्याचा करावा. जिंकत असतानाही करावा. आणि करताना आपल्या शेजारी कोण उभा आहे, कुणाला उभं राहू दिलेलं नाही, हे मान वळवून बघावं.